कोष्टकातील रिकामा रकाना : विक्रेत्यावरील तीन कलाकृती आणि वस्तुज्ञानाचा प्रश्न

सारांश

विक्रयकलेच्या अध्यापनात वस्तुज्ञान आणि प्रतिस्पर्धी मालाची तुलना या दोन गोष्टींना पहिले स्थान दिले जाते. विक्रेत्याला नायक करणाऱ्या महत्त्वाच्या कलाकृतींत मात्र नेमके हेच ज्ञान गैरहजर असते, किंवा भलत्याच ठिकाणी सापडते. आर्थर मिलर यांचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९), डेव्हिड मॅमेट यांचे ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ (१९८३) आणि शिमित अमीन दिग्दर्शित ‘रॉकेट सिंग : सेल्समन ऑफ द इयर’ (२००९) या तीन कृतींचे वाचन प्रस्तुत लेखात या दृष्टीने केले आहे. तुलनेचे कोष्टक मांडताना त्यातील रकाने कोण ठरवतो, हा या वाचनातून पुढे येणारा प्रश्न आहे. तो समीक्षेइतकाच वाणिज्य शाखेच्या वर्गाशीही निगडित आहे.

बीजशब्द : विक्रेता, वस्तुज्ञान, तुलना, ग्राहक, आधुनिक नाटक, हिंदी चित्रपट.

१. प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘यशस्वी विक्रेत्याचे गुण’ हा प्रश्न पाठ असतो. प्रसन्न व्यक्तिमत्त्व, चिकाटी, संभाषणचातुर्य, प्रामाणिकपणा या गुणांबरोबर तो ‘उत्पादनाचे संपूर्ण ज्ञान’ आणि ‘प्रतिस्पर्ध्यांच्या मालाची माहिती’ असे दोन मुद्दे लिहितो व त्याचे गुण त्याला मिळतात. या ज्ञानाचा उगम कोठे, ते कोणाच्या कामी यायचे आणि ते पूर्ण झाले तर विक्रेत्याची कोणती पंचाईत होते, हे मात्र उत्तरपत्रिकेत येत नाही. पाठ्यपुस्तकातही क्वचितच येते.

साहित्याच्या वर्गात याच्या उलट घडते. तेथे विक्रेत्यावरील नाटक शिकवले जाते तेव्हा स्वप्नभंग, पितापुत्रसंबंध, भांडवलशाहीतील माणसाचे वस्तूकरण यांची चर्चा होते. पण तो माणूस विकत काय होता आणि त्याला त्यातले किती कळत होते, हा साधा प्रश्न गौण मानला जातो. एकाच महाविद्यालयाच्या एकाच मजल्यावर भरणाऱ्या या दोन वर्गांच्या मध्ये एक भिंत आहे. त्या भिंतीला एक खिडकी पाडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२. नमुन्यांच्या पेट्या आणि स्वयंपाकघर : ‘डेथ ऑफ अ सेल्समन’

१० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. पडदा उघडल्यावर त्रेसष्ट वर्षांचा विली लोमन नमुन्यांच्या दोन मोठ्या पेट्या घेऊन घरात येतो, त्या खाली ठेवतो आणि दुखरे तळवे चोळतो. या पेट्या शेवटपर्यंत उघडल्या जात नाहीत. त्यांत काय आहे हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. याविषयी वारंवार विचारणा झाल्यावर विली स्वतःलाच विकतो, असे उत्तर आपण देत असू, हे मिलर यांनी १९५७ साली आपल्या नाट्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. पुढील बहुतेक समीक्षेने हे उत्तर प्रमाण मानले. माल अदृश्य आहे, कारण माणूसच माल झाला आहे, असे त्याचे तात्पर्य.

हे तात्पर्य चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. मिलर यांनी वस्तू नाटकातून हद्दपार केलेल्या नाहीत, त्यांची जागा तेवढी बदलली आहे. विलीच्या पेटीत वस्तू नाही, पण त्याच्या घरात वस्तूच वस्तू आहेत. शीतकपाट, कपडे धुण्याचे यंत्र, निर्वात झाडू, मोटार, छपराची दुरुस्ती अशी लिंडा वाचून दाखवते ती देण्यांची यादी पाहावी. शीतकपाटाचे सोळा डॉलर, धुलाईयंत्राचे नऊ डॉलर साठ सेंट, निर्वात झाडूचे साडेतीन डॉलर. ज्या नाटकात विक्रेत्याच्या मालाचा एकही तपशील नाही, त्यात त्याच्या खरेदीचा हिशेब सेंटपर्यंत दिलेला आहे. हा योगायोग म्हणता येणार नाही.

या यादीतील शीतकपाट विशेष लक्ष देण्याजोगे आहे. विलीने हेस्टिंग्ज नावाच्या छापाचे शीतकपाट घेतले. शेजारच्या चार्लीने जनरल इलेक्ट्रिकचे. खरेदीच्या काळातल्या प्रसंगात विलीला शंका येते की आपण फसलो तर नाही ना. त्यावर लिंडा समजूत घालते, की सर्वांत मोठ्या जाहिराती याच कंपनीच्या होत्या. विलीला ते पटते आणि यंत्र उत्तम आहे असे तो लगेच म्हणून टाकतो. पुढे दुसऱ्या अंकात याच यंत्राचा पट्टा पुन्हा तुटतो तेव्हा तो संतापतो. चार्लीचे यंत्र वीस वर्षे झाली तरी ठणठणीत आहे आणि हेस्टिंग्जचे नाव तरी कोणी ऐकले आहे का, असा त्याचा सवाल असतो.

प्रतिस्पर्धी मालाची तुलना म्हणतात ती हीच. नाटकात ती आहे आणि चोख आहे. फक्त ती विक्रेत्याच्या तोंडी नसून पस्तावलेल्या ग्राहकाच्या तोंडी आहे, आणि खरेदीनंतर कित्येक वर्षांनी आली आहे.

येथे थोडे यंत्राच्या आत डोकावणे उपयुक्त ठरेल. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ साली बाजारात आणलेल्या घरगुती शीतकपाटात संपीडक आणि मोटर एकाच हवाबंद पोलादी कवचात बसवलेली होती. ते कवच कपाटाच्या माथ्यावर असे. मोटर आणि संपीडक एकत्रच असल्यामुळे त्यांना जोडणाऱ्या बाहेरच्या पट्ट्याची गरजच नव्हती. त्या काळातील इतर अनेक यंत्रांत मोटर वेगळी असे व ती पट्ट्याने संपीडक फिरवी. पट्टा झिजे, सैल होई, तुटे. मिलर यांनी हा तांत्रिक तपशील नाटकात सांगितलेला नाही; पण तुटायला त्यांनी निवडला तो पट्टाच. खरेदीच्या वेळी विलीने दुकानदाराला ‘या यंत्राला पट्टा आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारला असता, तर पुढचा सगळा खर्च त्याला आधीच दिसला असता. तो प्रश्न त्याला सुचला नाही. जन्मभर विक्री केलेल्या माणसाने वस्तूचे मोजमाप जाहिरातीच्या आकाराने केले. त्याच्या मनातील कोष्टकात जाहिरातीचा रकाना होता, पट्ट्याचा नव्हता.

असे ज्ञान मिळवण्याची सोय त्या काळी नव्हती असेही नाही. स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक यांचे ‘युअर मनीज वर्थ’ हे पुस्तक १९२७ सालीच प्रसिद्ध झाले होते. जाहिरातीवर विसंबू नका, माल तपासून घ्या, हा त्याचा गाभा होता. वस्तूंची तौलनिक चाचणी करून निष्कर्ष छापणारी कन्झ्युमर्स युनियन ही संस्था १९३६ साली स्थापन झाली. नाटकाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. अमेरिकेत मालाची तुलना करण्याची विद्या विक्रेत्यांच्या दालनाबाहेर उभी राहत होती. विली लोमन त्या विद्येच्या दोन्ही दारांबाहेर उभा होता. विक्रेता म्हणून आणि ग्राहक म्हणूनही.

विलीला वस्तूंतले काहीच कळत नव्हते, असे मात्र नाही. त्याने घरासमोरची पायरी सिमेंटने बांधली, दिवाणखान्याचे छत घातले. हत्यार हाती धरता न येणाऱ्या पुरुषाची तो कीव करतो. अखेरच्या स्मशानप्रसंगात बिफ म्हणतो की वडिलांच्या साऱ्या विक्रीपेक्षा त्या पायरीत ते अधिक होते. हे वाक्य सामान्यतः निसर्ग विरुद्ध शहर किंवा श्रम विरुद्ध व्यापार या चौकटीत वाचले जाते. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक नेमका आहे. विलीकडे पदार्थाचे ज्ञान होते, सिमेंट किती वेळात धरते हे त्याच्या हाताला ठाऊक होते. पण ते ज्ञान त्याने विक्रीच्या व्यवसायात कधी आणले नाही. तेथे त्याच्यासमोर आदर्श होता तो डेव्ह सिंगलमनचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा विक्रेता हिरव्या मखमली सपाता घालून हॉटेलच्या खोलीतून दूरध्वनीवर माल विकी. सिंगलमन काय विकत असे, हेही विली सांगत नाही. तो किती लोकांना आवडत होता, हेच सांगतो.

येथे एक आक्षेप घेता येईल. विलीने मालाचा अभ्यास केला असता तर तो वाचला असता काय? बहुधा नाही. हॉवर्ड वॅग्नर त्याला काढून टाकतो, कारण तो थकला आहे आणि विक्री घटली आहे; मालाच्या माहितीची परीक्षा घेऊन नव्हे. वस्तुज्ञान हा वार्धक्यावरचा किंवा मालकाच्या निष्ठुरतेवरचा उपाय नव्हे. पण त्याच प्रसंगात हॉवर्ड नव्या ध्वनिमुद्रण यंत्रात रमलेला आहे, त्याची किंमत व करामत कौतुकाने सांगतो आहे, आणि समोर उभ्या असलेल्या आपल्या विक्रेत्याचे म्हणणे त्याला ऐकू येत नाही. वस्तूविषयी सर्वांत उत्साहाने बोलणारा माणूस या प्रसंगात विकत नाही. त्याने नुकतीच ती वस्तू विकत घेतलेली आहे. मिलर यांची मांडणी येथेही सुसंगत आहे.

३. ग्राहकांची यादी हाच माल : ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’

मिलरनंतर चौतीस वर्षांनी, सप्टेंबर १९८३ मध्ये, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये मॅमेट यांचे हे नाटक प्रथम सादर झाले व १९८४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मॅमेट यांनी तरुणपणी शिकागोतील जमीनविक्रीच्या एका कचेरीत काम केले होते. त्या अनुभवाची खूण संवादांत जागोजागी दिसते.

या नाटकात माल कोणता हे सांगितलेले आहे : फ्लोरिडातील जमिनीचे तुकडे. परंतु विक्रेत्यांपैकी कोणीही त्या जमिनीविषयी एक धड वाक्य बोलत नाही. पाणी कोठे साचते, रस्ता कोठून जातो, मोजणी झाली आहे का, याचा पत्ता नाही. जमिनीला नावे दिली आहेत ती मात्र स्कॉटलंडच्या दऱ्याडोंगरांची आठवण करून देणारी. सपाट, दमट फ्लोरिडात ‘हायलँड्स’ विकण्याची ही किमया पाहिली, की नाटकाच्या शीर्षकातच वस्तुज्ञानाची थट्टा आहे हे ध्यानात येते.

ज्ञानाची भूक या विक्रेत्यांना नाही असे नव्हे. ते अहोरात्र माहितीसाठी तडफडतात. पण ती माहिती मालाची नसून गिऱ्हाइकांची आहे. संभाव्य ग्राहकांच्या नावांची पत्रे, ज्यांना ते ‘लीड्स’ म्हणतात, कचेरीच्या कपाटात कुलूपबंद आहेत. चांगली नावे पुढे असलेल्याला मिळतात, शिळी नावे मागे पडलेल्याला. त्या नावांसाठी चोरी होते. स्पर्धा आहे तीही दोन मालांत नाही. फळ्यावर विक्रेत्यांची नावे व आकडे लिहिलेले आहेत. पहिल्याला कॅडिलॅक मोटार, दुसऱ्याला सुऱ्यांचा संच, उरलेल्यांना नारळ. प्रतिस्पर्धी म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी.

पहिल्या अंकाच्या अखेरीस रिकी रोमा हा कसलेला विक्रेता चिनी उपाहारगृहात जेम्स लिंक या अनोळखी गृहस्थाशी जीवन, भीती, संधी अशा विषयांवर दीर्घकाळ बोलतो आणि अगदी शेवटी जमिनीचे माहितीपत्रक उघडतो. विक्रयकलेच्या दृष्टीने हा प्रसंग अजोड आहे; त्यात सर्व काही आहे, फक्त माल नाही. दुसऱ्या अंकात लिंक परत येतो तो पत्नीच्या सांगण्यावरून. करार रद्द करण्यासाठी कायद्याने तीन दिवसांची मुदत दिली आहे, हे तिने शोधून काढले आहे. ही पत्नी रंगमंचावर कधीच येत नाही. तरी साऱ्या नाटकात कागद तपासणारी व्यक्ती ती एकटीच. रोमा दिवसांची मोजणी गोंधळात टाकून मुदत टाळू पाहतो. म्हणजे वस्तूविषयी अज्ञानी असलेला विक्रेता ग्राहकाच्या ज्ञानाला मात्र जाणीवपूर्वक खीळ घालतो. मिलरच्या विलीत जे भाबडे अज्ञान होते, ते येथे धोरण झाले आहे.

ग्राहकाची माहिती हेच खरे भांडवल, हा समजही मॅमेट टिकू देत नाहीत. वृद्ध शेली लेव्हीन मोठी विक्री करून विजयाच्या थाटात येतो. पण ज्या दांपत्याला त्याने जमीन विकली, त्यांच्याकडे पैसेच नाहीत. विक्रेत्यांशी गप्पा मारणे त्यांना आवडते, एवढेच. माल ठाऊक नसलेला विक्रेता आणि खरेदी करू न शकणारे गिऱ्हाईक यांच्यात झालेला हा व्यवहार शून्याने शून्याला गुणल्यासारखा आहे.

१९९२ साली जेम्स फोली यांनी या नाटकावर चित्रपट केला. त्यात एक नवा प्रसंग घातला आहे. मुख्य कार्यालयाकडून आलेला अधिकारी फळ्यावर चार सूत्रे समजावतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती लक्ष, रस, इच्छा आणि कृती अशी शिकवली जातात. चित्रपटात तिसऱ्या सूत्राचा शब्द बदलला आहे. ‘इच्छा’ जाऊन ‘निर्णय’ आला आहे. इच्छा ग्राहकाची असते. निर्णय त्याच्यावर लादताही येतो. एका शब्दाच्या या फेरबदलात सगळ्या कचेरीचे तत्त्वज्ञान मावते.

४. रात्रपाळीची सेवा : ‘रॉकेट सिंग’

तिसरी कृती आपल्या जवळची, मुंबईत घडणारी आहे. जयदीप साहनी यांनी लिहिलेल्या या चित्रपटाला प्रदर्शित झाला तेव्हा माफक यश मिळाले, पण पुढे त्याचा स्वतःचा प्रेक्षक तयार झाला. नायक हरप्रीत सिंग बेदी एकोणचाळीस टक्के गुण मिळवलेला वाणिज्य पदवीधर आहे. आपल्या वर्गातील मागच्या बाकावरचा विद्यार्थीच तो. संगणक विकणाऱ्या कंपनीत तो उमेदवार म्हणून लागतो, लाच मागणाऱ्या ग्राहक-कंपनीविरुद्ध तक्रार करतो आणि कचेरीच्या थट्टेचा विषय होतो. मग त्याच कचेरीत राहून, तेथील उपेक्षित माणसांना भागीदार करून, तो आपली वेगळी कंपनी गुपचूप उभी करतो.

आधीच्या दोन कृतींच्या पार्श्वभूमीवर येथे एक मोठा फरक दिसतो. माल उघडा पडलेला आहे. संगणकाचे कवच काढलेले आहे, सुटे भाग टेबलावर आहेत, आणि ते जोडणारा गिरी हा कंपनीच्या श्रेणीत खालच्या पायरीवर आहे. विक्री करणाऱ्यांकडे गळपट्टा आहे, वस्तुज्ञान मात्र गिरीच्या हातात आहे. हरप्रीतचे खरे कौशल्य संभाषणात नाही. ज्याला यंत्र कळते त्याला तो भागीदार करतो, यात आहे. वस्तुज्ञान संस्थेत कोठे राहते आणि ते विक्रीपर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर चित्रपट पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट देतो. दुरुस्ती करणारा आणि विकणारा यांच्यात पगाराची व प्रतिष्ठेची दरी असेल, तर ज्ञान ती दरी ओलांडत नाही.

दुसरे असे, की हरप्रीतच्या कंपनीचा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचा स्वतःचाच मालक. तुलना त्यामुळे अटळ होते आणि ती एका नव्या रकान्यावर होते : विक्रीनंतर रात्री-अपरात्री यंत्र बंद पडले तर कोण येईल? मालक पुरी जेव्हा ही छोटी कंपनी एका रुपयाला ताब्यात घेतो, तेव्हा त्याला नाव मिळते, ग्राहक मिळतात. पण दिलेली वचने त्याच्या यंत्रणेला पाळता येत नाहीत आणि शेवटी तो ती परत करतो. ग्राहकांची यादी म्हणजे धंदा नव्हे, हे मॅमेटच्या कचेरीला दिलेले उत्तर येथे मिळते.

मात्र चित्रपटाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नायकाने मालकाची जागा, दूरध्वनी व वेळ वापरून प्रतिस्पर्धी व्यवसाय चालवला, हा नैतिक प्रश्न त्या खर्चाचा हिशेब ठेवण्याने पुरता सुटत नाही. शिवाय ग्राहक हरप्रीतवर विश्वास टाकतात, तो मुख्यतः त्याच्या निर्मळ चेहऱ्याकडे पाहून. लोकांना आवडणारा माणूस जिंकतो, हे विलीचे स्वप्न येथे पगडी बांधून साकार होते. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र अमुक कामाला अधिक योग्य आहे, असे नायकाला एखाद्या ग्राहकाला सांगावे लागण्याचा कठीण प्रसंग पटकथेने उभाच केलेला नाही. तो उभा राहिला असता तर चित्रपट अधिक मोठा झाला असता.

५. रकाने कोण ठरवतो?

तीनही कृती एकत्र ठेवल्या की वस्तुज्ञानाविषयी एक सूत्र हाती लागते. विक्रेत्याला दिले जाणारे तुलनेचे कोष्टक कधीच निर्हेतुक नसते. ते तयार करणारा आपल्या मालाच्या सोयीचे रकाने निवडतो, आणि मग आपल्या बाजूला बरोबरच्या खुणा व दुसऱ्याच्या बाजूला फुल्या आपोआप पडतात. त्यातील प्रत्येक नोंद खरी असू शकते. तरीही कोष्टक खोटे असू शकते. हेस्टिंग्जच्या जाहिराती खरोखरच मोठ्या होत्या. लिंडा खोटे बोलली नाही. पट्ट्याचा रकाना तेवढा नव्हता.

तो रिकामा रकाना कोण भरतो? मिलरकडे तो काळ भरतो, वीस वर्षांनी. मॅमेटकडे पडद्याआडची पत्नी आणि कायदा मिळून भरू पाहतात. ‘रॉकेट सिंग’मध्ये दुरुस्ती करणारा कारागीर भरतो. तिन्ही ठिकाणी ते ज्ञान विक्री विभागाच्या बाहेरून येते. वापरणारा, तपासणारा आणि दुरुस्त करणारा हेच वस्तूचे खरे जाणकार, असे या कृती आपल्याला सांगतात.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामूहिक खरेदीची जी पद्धत रुजवली, तिच्यात निवडीचे निकष ग्राहकांनी एकत्र येऊन ठरवणे अभिप्रेत होते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या अधिनियमाने मालाची गुणवत्ता, परिमाण, शुद्धता, दर्जा व किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. विक्रेत्याचे ‘वस्तुज्ञान’ आणि ग्राहकाचा ‘माहितीचा हक्क’ हे एकाच नाण्याचे दोन बाजूंनी केलेले वाचन होय. आपल्या अभ्यासक्रमात मात्र पहिले विपणनाच्या प्रश्नपत्रिकेत आणि दुसरे कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत विभागले गेले आहे.

६. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधील मालाची अनुपस्थिती हे केवळ प्रतीक नसून, वस्तुज्ञान विक्रीच्या क्षेत्रातून ग्राहकाच्या घरात हलवण्याची ती नाट्ययोजना आहे.

२) ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’मध्ये मालाच्या ज्ञानाची जागा ग्राहकाविषयीच्या माहितीने घेतली आहे, आणि नाटककार तिचाही पोकळपणा दाखवतो.

३) ‘रॉकेट सिंग’ वस्तुज्ञानाला पुन्हा प्रतिष्ठा देतो, पण प्रामाणिक तुलनेची शेवटची कसोटी टाळतो.

ही कसोटी आपल्याला, अध्यापकांना, टाळता येणार नाही. आपले अनेक विद्यार्थी पदवीनंतर विमा, मोटारी, भ्रमणध्वनी, औषधे आणि कर्जे विकण्याच्या कामाला लागतात. तेथे त्यांच्या हाती छापील कोष्टक पडते आणि महिन्याचे उद्दिष्ट पडते. त्या कोष्टकात कोणता रकाना नाही, हे ओळखण्याची सवय त्यांना वर्गातच लागली पाहिजे. त्यासाठी प्रात्यक्षिकाची पद्धत बदलावी लागेल. आपल्या मालाची बाजू मांडणारे कोष्टक विद्यार्थ्याकडून जरूर करून घ्यावे. मग तेच त्याने दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे आणि तीन वर्षे ती वस्तू वापरलेल्या कुटुंबाकडे न्यावे व त्यांनी सुचवलेले रकाने वाढवून परत आणावे. दोन कोष्टकांतील अंतर हाच त्याचा अभ्यास ठरेल. असा विद्यार्थी कधीतरी एखाद्या गिऱ्हाइकाला सांगेल, ‘आपल्या कामाला त्यांचे यंत्र बरे पडेल.’ त्या दिवशी त्याची एक विक्री बुडेल, कदाचित त्या महिन्याचे उद्दिष्टही हुकेल. ती झीज त्याने एकट्याने सोसावी, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिचा विचार त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्थांनीही करावयास हवा. परंतु त्याने ते वाक्य उच्चारले, तर त्याच्या पेटीत काय आहे हे विचारण्याची वेळ कोणावर येणार नाही.